गिनीपिगास सोबती हवा

वाराणसी नगरीत प्राण्यांना सोबत मिळवून देण्याचे काम सहसा माणसाला करावे लागत नाही. गल्लीबोळांतून हिंडणारा वळू आपल्या मर्जीने गायींजवळ जातो आणि मर्जीनेच दूर होतो. दुर्गाकुंडाजवळच्या माकडांच्या टोळ्या आपापले मानपान आणि आपापली भांडणे आपसांतच मिटवितात. घाटावरची कुत्री कोणत्या पायरीपासून कोणाची हद्द, हे नगरपालिकेच्या नकाशाहून अधिक चोख जाणतात. याच नगरीत एखाद्या घरी पाळलेला गिनीपिग मात्र या सर्वांहून निराळ्या स्थितीत असतो. त्याची हद्द पिंजऱ्याच्या जाळीने ठरलेली असते. त्याला सोबती मिळावा की नाही, मिळाल्यास तो कोण असावा, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या जागी दोघांची गाठ पडावी, हे सारे माणसाच्या हाती असते. आणि माणूस हा निर्णय बहुधा फारसा विचार न करता घेतो.

घडते ते असे. मुलाच्या हौसेखातर एक पिल्लू घरी येते. चार-दोन महिने कौतुक होते, मग शाळा-परीक्षांच्या गडबडीत ते कोपऱ्यात पडते. ते गप्प बसलेले पाहून कोणाला तरी दया येते आणि दुसरा गिनीपिग आणून त्याच पिंजऱ्यात सोडला जातो. दहा मिनिटांत दात करकरू लागतात, अंगावरचे केस उभे राहतात, एखादी झडप होते. घरची माणसे घाबरून दोघांना कायमचे वेगळे करतात व ‘यांचे पटत नाही’ असा निकाल देतात. हा निकाल पुरावा पाहण्यापूर्वीच दिलेला असतो. याच्या उलट टोकाची माणसेही आहेत. ‘भांडतील आणि आपोआप शांत होतील’ असे म्हणून ती रात्रभर दोघांना कोंडून ठेवतात आणि सकाळी फाटलेला कान किंवा पिकू लागलेली जखम पाहतात. दोन्ही पक्षांना या प्राण्याची रीत ठाऊक नसते, आणि ती ठाऊक करून घेणे फारसे अवघड नाही.

गिनीपिग हा डुकराचा नातेवाईक नव्हे आणि आफ्रिकेतील गिनी देशाशीही त्याचा संबंध नाही. तो कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतराजीतला रहिवासी. तेथील लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविले ते मांसासाठी. पेरू देशात आजही तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतातून वाटा पाडून लहान गटांनी राहतात. एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले असा हा संसार असतो. त्यांना नखांचा वा सुळ्यांचा मोठा आधार नाही, झाडावर चढता येत नाही, फार लांब पळताही येत नाही. अशा जीवाचे रक्षण अनेक कानांनी आणि अनेक डोळ्यांनी होते. एकाने धोक्याची चाहूल घेतली की सर्व जण थिजून बसतात किंवा आडोशाला पळतात. एकट्या गिनीपिगाला सारा पहारा स्वतःच द्यावा लागतो. पिंजऱ्यात शिकारी नसला तरी कान तेच असतात.

या प्राण्याचे विज्ञानावरील ऋण मोठे आहे. 1782–83 च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाच्या उष्मामापीत गिनीपिग ठेवून श्वसन हेही एक प्रकारचे ज्वलनच असल्याचे दाखविले. 1882 मध्ये क्षयाचा जंतू ओळखताना रॉबर्ट कॉख यांना त्याचाच आधार झाला. 1907 मध्ये होल्स्ट आणि फ्रॉलिख या नॉर्वेच्या संशोधकांना आढळले की, माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही आहारातील त्रुटीने स्कर्व्ही होतो. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तेथून मोकळी झाली. आपल्या देशाचे ऋण तर विशेषच आहे. हाफकिन यांनी पटकीची लस सिद्ध करताना जंतूंचे बळ वाढविले ते एका गिनीपिगाकडून दुसऱ्याकडे त्यांची पाठोपाठ लागण करून. ती लस घेऊन ते 1893 मध्ये भारतात आले. 1905 नंतर मुंबईत प्लेगचा तपास करणाऱ्या आयोगाने प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत व ते रोगाला बळी पडत. पिसवांना पोहोचता येणार नाही अशा रीतीने ठेवलेले वाचत. अशा प्रयोगांनी प्लेगचा मार्ग पिसवेतून जातो हे पक्के झाले. इतकी सेवा घेऊनही माणसाने या प्राण्याचे तापमान मोजले, वजन मोजले, रक्त तपासले; त्याला कोण जवळ असता बरे वाटते हा प्रश्न मोजमापाचा विषय म्हणून हाती घ्यावयास मात्र फार उशीर लावला.

तो हाती घेणाऱ्यांत जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साख्सर व त्यांचे सहकारी यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. 1980 च्या दशकापासून त्यांनी गिनीपिगांच्या मोठ्या वसाहती बाळगून त्यांचे निरीक्षण केले. शरीरावरचा ताण त्यांनी कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या प्रमाणावरून मोजला. अधिवृक्क ग्रंथींतून हे संप्रेरक संकटाच्या वेळी अधिक स्रवते. त्यांच्या प्रयोगांतील एक प्रयोग असा. काही नर गजबजलेल्या वसाहतीत वाढविले गेले, काही एकटे किंवा एकाच मादीसोबत. प्रौढ झाल्यावर त्यांची गाठ अनोळखी नराशी घालण्यात आली. वसाहतीत वाढलेल्या नरांनी थोडी हुंगाहुंग, थोडा रुबाब करून आपसांतली पायरी ठरविली आणि ते शांत झाले. त्यांचे कॉर्टिसॉल विशेष वाढले नाही. एकांतात वाढलेल्यांनी मात्र अटीतटीचे युद्ध मांडले. हरणाऱ्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल फार चढले, वजन घटले. अनोळखी वसाहतीत एकटे सोडले असताही हाच भेद दिसला. जो थोरामोठ्यांत वाढला होता तो नमते घेत सामावला गेला. जो एकांतात वाढला होता तो दिसेल त्याच्या अंगावर गेला व त्याची किंमत शरीराने चुकविली.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. एखादा गिनीपिग ‘भांडखोर स्वभावाचा’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपण त्याच्या बालपणाचे वर्णन करीत असतो. वसाहतीतील तरुण नर वयात येऊ लागताच थोर नरांकडून वारंवार हटकला जातो. कोठे थांबावे, कोणाला वाट द्यावी, कोणती मादी दुसऱ्याची आहे, हे तो त्या वयात शिकतो. चार आठवड्यांचा असताना एकटा उचलून आणलेल्या पिल्लाची ही शाळाच बुडालेली असते. ते मोठे झाल्यावर दुसऱ्या नराशी नीट वागत नाही, तेव्हा दोष त्याला देणे म्हणजे ज्याला अक्षरओळख करून दिली नाही त्याला वाचता येत नाही म्हणून छडी मारण्यासारखे आहे.

याच संशोधनातील दुसरी एक गोष्ट तितकीच मोलाची आहे. नराला अनोळखी जागी एकटे ठेवले की त्याचे कॉर्टिसॉल झपाट्याने चढते. जिच्याशी त्याचे घनिष्ठ नाते जुळले आहे अशी मादी जवळ असली तर ते पुष्कळ कमी चढते. परकी मादी ठेवली, किंवा नुसती तोंडओळखीची ठेवली, तर मात्र तसा उपयोग होत नाही. म्हणजे सोबत ही केवळ संख्येची बाब नाही. पिंजऱ्यात दुसरे शरीर आणून टाकल्याने एकटेपण संपत नाही. नाते जुळावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. ससा ठेवून हे काम भागवू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. सशाची भाषा निराळी, त्याची लाथ गिनीपिगाची हाडे मोडू शकते, आणि त्याच्या श्वसनमार्गात निरुपद्रवीपणे राहणारे काही जंतू गिनीपिगाला न्यूमोनियाने मारू शकतात.

मग ओळख करून द्यावी कशी? प्रथम लिंग खात्रीने ठरवावे, आणि ते विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. नर पिल्लू अवघ्या तीन-चार आठवड्यांत प्रजननक्षम होऊ शकते. मादीचा गर्भकाळ सुमारे 68 दिवसांचा असतो, आणि प्रसूतीनंतर काही तासांतच ती पुन्हा गर्भ धारण करू शकते. पहिले बाळंतपण उशिरा, सात-आठ महिन्यांच्या वयानंतर आले तर तिच्या कटीची हाडे पुरेशी सैल होत नाहीत आणि प्रसूतीत तिचा जीव जाण्याचा धोका असतो. ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीची ही परिणती अनेकदा झालेली आहे. सर्वांत निर्वेध जोडी म्हणजे खच्ची केलेला नर आणि मादी. मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नराची प्रजननशक्ती टिकते, तोवर दोघांना वेगळे ठेवावे. दोन माद्यांचे बहुधा जमते. दोन नरांचे पिल्लपणापासून एकत्र वाढल्यास जमू शकते, पण मादीचा वासही जवळपास नसावा. तीन नर एकत्र ठेवणे हे संकट मुद्दाम बोलावणे होय. एकटा वाढलेला प्रौढ नर असेल त्याच्याकडे दुसरा प्रौढ नर आणण्याचा हट्ट धरू नये.

नवा प्राणी दोन-तीन आठवडे निराळ्या खोलीत ठेवावा. या काळात खरूज, बुरशी किंवा सर्दी असेल तर उघडकीस येते. नंतर दोघांचे पिंजरे जवळ आणून, मध्ये जाळी ठेवून, एकमेकांचा वास व आवाज परिचित होऊ द्यावा. प्रत्यक्ष भेट दोघांपैकी कोणाच्याही पिंजऱ्यात नसावी. ज्या जागेवर कोणाचाच हक्क नाही अशा मोकळ्या जमिनीवर असावी. जागा ऐसपैस हवी. पुठ्ठ्याची खोकी आडोशासाठी ठेवावीत, पण प्रत्येकाला दोन दारे कापावीत. एकच दार असलेला आडोसा म्हणजे पळणाऱ्यासाठी सापळा असतो. दूर्वा, कोथिंबीर, वाळले गवत यांचे तीन-चार वेगवेगळे ढीग घालावेत. हाताशी चौपदरी घडी केलेला गमछा ठेवावा, आणि तो बनारसी घरात नसणे अशक्यच. भांडण जुंपल्यास मध्ये गमछा टाकावा, उघडा हात घालू नये. या प्राण्यांचे दात माणसाच्या बोटात खोल रुततात.

यापुढचे काम पाहण्याचे आहे आणि येथेच माणसाचा धीर सुटतो. नर कमरेत डुलत, घशातून खोल घरघर काढत दुसऱ्याभोवती फिरेल. एक दुसऱ्याचा पाठलाग करील, पाठीवर चढेल, मागून हुंगेल. मादी त्रासून मूत्राची धारही मारील. दोघेही मान उंच करून नाके भिडवतील व ज्याची मान आधी खाली जाईल त्याने नमते घेतले असे समजावे. हे सारे पायरी ठरविण्याचे व्यवहार आहेत. ते पाहून घाबरून दोघांना उचलले तर निवाडा अर्धवट राहतो आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतो. रोज दहा मिनिटे भेटवून रोज वेगळे करणाऱ्या दयाळू घरांत महिनोन्महिने समेट होत नाही, याचे कारण हेच. दात जोराने करकरणे व मानेवरचे केस फुलणे ही मात्र सावधगिरीची खूण होय. त्यातून एक दुसऱ्यावर थेट झेप घेऊ लागला, दोघांचा एकच चेंडू होऊन ते लोळू लागले किंवा रक्त निघाले, तर तत्काळ वेगळे करावे. पायरी ठरण्याची धुसफूस आणि जिवावरचे भांडण यांच्यातला हा फरक ज्याला ओळखता येत नाही, त्याने पहिली भेट जाणत्याच्या देखत घडवावी. काही तासांनी दोघे जवळजवळ बसून खाऊ लागले, एखादा अंग पसरून आडवा झाला, म्हणजे धुवून काढलेल्या व मांडणी बदललेल्या पिंजऱ्यात दोघांना एकत्रच न्यावे. पिंजरा दोघांसाठी निदान सात-आठ चौरस फुटांचा असावा. दोन नर असल्यास त्याहून मोठा. दुकानांतून मिळणारे पक्ष्यांचे पिंजरे या कामी निरुपयोगी आहेत.

एवढे सारे थंड हवेच्या देशातील पुस्तकांतही सापडते. वाराणसीत त्यात ऋतूची भर घालावी लागते. अँडीजच्या उंचीवर घडलेले हे शरीर उष्णतेला फार हळवे आहे. 30 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो; आणि येथे मे-जूनमध्ये लू वाहू लागली की पारा 40 च्या वर जातो, कधी 45 च्या घरात पोहोचतो. अशा दिवसांत पाठलाग व रुबाबाची धावपळ घडवून आणणे म्हणजे ओळखीच्या निमित्ताने दोघांना मारणे होय. लू कोरडी असते तोवर खसाचे ताटे किंवा पाण्याचा कूलर उपयोगी पडतो; पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा गारवा उरत नाही आणि वीज गेली की तोही नाही. म्हणून ओळखीचा काळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. त्यातही जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा भरपूर वाळले गवत द्यावे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मराठी वस्तीच्या भागांतील जुन्या दगडी घरांत तळमजल्यावरच्या खोल्या उन्हाळ्यातही इतर घरांहून गार राहतात. जागा तेथे निवडावी. गच्ची ऐसपैस दिसली तरी तिच्या वाटेस जाऊ नये. तेथे ऊन आहे, घारी आहेत आणि माकडे तर आहेतच. ज्या घरी उन्हाळ्यात गार खोली देता येत नाही, त्या घराने एकही गिनीपिग आणू नये हे बरे; मग सोबतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता देणाऱ्यांविषयी. भारतात 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखाली 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम झाले. त्यांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनीपिगाचे नाव स्पष्टपणे आहे. स्वित्झर्लंडने याहून पुढचे पाऊल टाकले. 2008 मध्ये अमलात आलेल्या तेथील प्राणिसंरक्षण अध्यादेशानुसार गिनीपिग एकटा पाळता येत नाही. निदान दोन पाळावे लागतात. आपल्याकडे अशा नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुकानदाराने, ओळखीच्या घरी पिल्ले वाटणाऱ्या गृहस्थाने, विज्ञानाच्या खोलीत प्राणी बाळगणाऱ्या शाळेने एवढेच ठरवावे की एका लिंगाची, एकत्र वाढलेली दोन पिल्ले द्यावयाची, अन्यथा द्यावयाची नाहीत. त्यांना एका आठवड्याच्या घाईने आईपासून व थोरांपासून तोडू नये. ग्राहकाचा खर्च फारसा वाढत नाही. ओळख करून देण्याची वर सांगितलेली सारी दगदग मात्र टळते. आणि मुख्य म्हणजे जे शिक्षण पुढे कितीही जपले तरी भरून निघत नाही, ते बुडत नाही. दुकानदार म्हणेल की, गिऱ्हाईक एकच मागते. गिऱ्हाईक एकच मागते, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

दोन पिल्ले दिली तरी एक पेच उरतो, आणि स्विस लोकांनाही तो पडला. गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो; दोघे एका दिवशी मरत नाहीत. मागे राहिलेल्यासाठी तरुण सोबती आणला, तर काही वर्षांनी तो मागे राहतो, आणि ही साखळी संपत नाही. तेथे म्हाताऱ्या गिनीपिगाला सोबती उसना देण्याची सोयही निघाली, ती याच कारणाने. वाराणसीसारख्या शहरात ज्यांच्याकडे हे प्राणी आहेत ती घरे एकमेकांना ठाऊक असली, तर असा उसना सोबती येथेही मिळू शकेल. म्हाताऱ्याच्या शेवटच्या वर्षासाठी शेजारच्या गल्लीतली शांत मादी पुरते. मात्र म्हाताऱ्याची ओळखही वरच्याच रीतीने, तितक्याच सावकाशीने करून द्यावी.

ओळख झाल्यानंतर दोघांचे वजन दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी करावे व वहीत मांडावे. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याला पुरतो. शाळेत हे काम मुलांकडे द्यावे. पाहणारा जवळ असताना दोघे गुण्यागोविंदाने बसलेले दिसतात. रात्री एक दुसऱ्याला गवताच्या ढिगाजवळ येऊ देत नसेल, तर ते वहीतच प्रथम दिसते. एकाचा आकडा वाढतो आहे आणि दुसऱ्याचा सलग दोन आठवडे उतरतो आहे असे आढळले, तर आधी खाण्याचे ढीग वाढवावेत, पाण्याची दुसरी बाटली पिंजऱ्याच्या विरुद्ध टोकाला लावावी, आडोशांची दारे मोजावीत. आणि तिसऱ्या आठवड्यातही काटा वर आला नाही, तर दात व पोट दाखविण्यासाठी त्याला पशुवैद्याकडे न्यावे. जाताना जोडीदारालाही त्याच टोपलीत घ्यावे.